टाइट एंड व्हायचंय? बडोद्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

अमेरिकन फुटबॉलच्या अकरा गड्यांत टाइट एंडचं काम सगळ्यात विचित्र. एका डावात समोरच्या सव्वाशे किलोच्या डिफेन्सिव्ह एंडला छातीशी भिडून रेटायचं आणि पुढच्याच डावात वीस यार्ड धावून डोक्यावरून येणारा पास दोघांच्या मधून उचलायचा. बडोद्याच्या हिशेबाने सांगायचं तर अर्धा गडी जुम्मादादा व्यायाम मंदिरातला आणि अर्धा बास्केटबॉल कोर्टावरचा. आक्रमणाच्या पुढच्या रांगेत, म्हणजे लाइनमध्ये, टॅकल नावाच्या गड्याला चिकटून उभा राहतो म्हणून 'टाइट' आणि लाइनचं टोक म्हणून 'एंड'.

या जागेची एक जमेची बाजू आहे. पास फेकणारा क्वार्टरबॅक आठव्या-दहाव्या वर्षापासून घडतो, टाइट एंड उशिरा घडला तरी चालतो. अँटोनिओ गेट्स कॉलेजात फुटबॉल खेळलाच नाही, केंट स्टेटसाठी बास्केटबॉल खेळला. २००३ मध्ये एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवे खेळाडू निवडतात त्या फेऱ्यांत, त्याचं नाव कुणी घेतलं नाही. पुढे त्याने ११६ टचडाउन झेलले, टाइट एंडसाठी हा विक्रम आहे. टोनी गोन्झालेझ कॅलिफोर्निया विद्यापीठात दोन्ही खेळ खेळायचा. ट्रॅव्हिस केल्सी आधी क्वार्टरबॅक होता.

ही तीन नावं ऐकली की उंच मुलगा रोज संध्याकाळी फक्त झेल घ्यायला लागतो. तिथेच गाडी चुकते. झेल घेणाऱ्याचं नाव छापून येतं हे खरं, पण संघात तिसरा टाइट एंड म्हणून पाय रोवायचा तर ब्लॉक, म्हणजे समोरच्याला भिडून अडवणं, लागतो. झेल घेणारे उंच, चपळ वाइड रिसीव्हर प्रत्येक संघाकडे असतातच. लाइनवर भिडू शकणारा आणि वर झेलही घेणारा मिळत नाही, म्हणून तुम्हाला बोलावतात. या लेखातही ब्लॉकिंग आधी आणि सविस्तर आहे.

आधी टेप काढा

एनएफएलमधला टाइट एंड साधारण १९३ ते १९६ सेंमी उंच आणि ११० ते ११८ किलो वजनाचा. दोनेक सेंमी कमी असले तर चालतं. १८५ सेंमीच्या आत असाल तर ही जागा सोडा, फुलबॅक (चेंडू घेऊन धावणाऱ्याला वाट करून देणारा) किंवा लाइनबॅकरचा (बचावात लाइनच्या मागे उभा राहणारा) विचार करा. उंचीबरोबर आणखी दोन मापं घ्या. हाताची लांबी खांद्याच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजतात, ८३-८४ सेंमी असली तर उत्तम. पंजा पूर्ण पसरून अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत मोजा, २४ सेंमीच्या वर हवा. वजन वाढवता येतं, पंजा वाढवता येत नाही.

कुठल्या खेळातून आलात यावर तुमच्या सवयी ठरतात. कुस्ती खेळलेल्याला खाली बसून भिडणं आणि समोरच्याच्या हातांच्या आत हात घालणं आपसूक येतं, त्याचा निम्मा ब्लॉक तयार असतो. बास्केटबॉलवाल्याला पाठीने माणूस अडवून उंचावर चेंडू घेणं येतं. खो-खोवाल्याचं महत्त्व आपल्याकडे कुणी सांगत नाही, पण खांबापाशी कंबर खाली घालून दोन पावलांत दिशा बदलणारा मुलगा रूटमधलं, म्हणजे पाससाठी धावायच्या ठरलेल्या वाटेतलं, वळण इतरांपेक्षा लवकर शिकतो. कबड्डीवाल्याची गोष्ट जरा अवघड. ताकद आणि झडप असते, पण मिठी मारून धरायची सवय हाडात भिनलेली असते. फुटबॉलमध्ये ब्लॉक करताना समोरच्याला बाहेरून कवळलं की होल्डिंग, म्हणजे १० यार्डांची शिक्षा. ती सवय मोडायला चार-सहा महिने धरून चला.

मैदान, चेंडू, माणसं

अख्खा संघ जमवायच्या मागे लागू नका. सहा जण पुरतात: एक फेकणारा, एक टॅकल, दोन बचाववाले, एक स्नॅप देणारा (डाव सुरू करायला चेंडू मागे देणारा) आणि तुम्ही. पोलो ग्राउंड किंवा नवलखीवर सकाळी सहाला जागा मिळते, आणि मे महिन्यात साडेआठनंतर बडोद्याच्या उन्हात असली मेहनत करण्यात शहाणपण नाही. जमीन उन्हाळ्यात टणक असते, तेव्हा मोल्डेड स्टडचे बूट घ्या. स्क्रूचे लांब स्टड टणक जमिनीत रुतत नाहीत आणि वळताना घोटा मुरगळतो. पावसाळ्यात माती तळव्याला चिकटून बूट दुप्पट जड होतो, त्या दिवसांत वळणं सोडून फक्त भिडण्याचा सराव करा.

चुन्याने रेघा आखताना यार्डातच आखा. ५ यार्ड म्हणजे ४.५७ मीटर. पाच-पाच मीटरवर रेघा मारल्या तर दहा यार्डांच्या वळणाला तुम्ही जवळपास एक यार्ड पुढे जाल, आणि फेकणाऱ्याचा चेंडू तुमच्या पाठीमागे पडेल. चेंडू ३९७ ते ४२५ ग्रॅमचा, २८ सेंमी लांब आणि १२.५ ते १३.५ पीएसआय हवेचा असतो. रग्बीचा चेंडू जाड आणि टोकांना बोथट असतो. त्यावर सराव केला तर बोटांना चुकीचा अंदाज बसतो, म्हणून खरा चेंडू एक तरी मागवाच.

प्रशिक्षक नसेल तर फोन हाच प्रशिक्षक. एकदा बाजूने आणि एकदा पाठीमागून चित्रण करा. बाजूने कंबरेची उंची दिसते, पाठीमागून पावलांमधलं अंतर. समोरून काढलेली फित दिसायला झकास, उपयोगाला शून्य.

उभं राहणं आणि पहिलं पाऊल

उजव्या बाजूला उभे असाल तर उजवा हात जमिनीवर, उजवा पाय किंचित मागे, त्याची बोटं डाव्या पायाच्या मधल्या कमानीच्या रेषेत. पाय खांद्याइतके रुंद. पाठ टेबलासारखी सपाट, नजर वर. हातावर भार इतकाच की कुणी तो हात झटकला तरी तुम्ही तोंडावर पडू नये. हातावर फार रेललात तर बचाववाल्याला लगेच कळतं की धावण्याचा डाव आहे, आणि मागे झुकलात तर पासचा. दोन्ही डावांना एकच बैठक ठेवायला हवी. टॅकलपासून अंतर साधारण दोन-तीन फूट.

पहिलं पाऊल सहा इंचांचं, वीतभरापेक्षाही कमी. नवखे मोठं पाऊल टाकतात कारण जोर लावायचा असतो. पण टक्कर होते तेव्हा एक पाय हवेत असतो आणि एका पायावरचा माणूस लहान मुलगाही ढकलू शकतो. पहिलं पाऊल छोटं, दुसरं त्याहून झटपट, आणि टक्कर दुसरं पाऊल जमिनीला टेकताना. लय तोंडाने मोजा: 'टक-टक-धाड'. क्वार्टरबॅकच्या आवाजाआधी हललात तर फॉल्स स्टार्ट, ५ यार्ड. रोज सरावात वीस स्नॅप फक्त हलायचं नाही म्हणून घ्या. आवाज चढवून फसवायचं काम एखाद्या मित्राला द्या.

ब्लॉक

हात समोरच्याच्या छातीवर, अंगठे वर, कोपरं बरगड्यांना घासत. कोपरं बाहेर गेली की हात त्याच्या खांद्यांवर जातात, आणि तो वळला की तुम्ही त्याला धरून ठेवलेलं पंचाला दिसतं. आतल्या बाजूने जर्सी पकडली तरी तो तुमच्यासमोर आहे तोवर सहसा चालतं. तो बाजूला निघाला की सोडायचं, नाहीतर शिटी. मग कंबर त्याच्या कंबरेखाली, पाय रुंद, आणि छोटी छोटी पावलं. पावलं जवळ आली की तोल जातो. डोकं खाली घालून झेपावणं ही सगळ्यात मोठी चूक, त्यात मान जाते. बचाववाला एक पाऊल बाजूला सरकतो आणि तुम्ही एकटे जमिनीवर.

आखाड्यातली जुनी गादी गुंडाळून दोराने बांधा आणि एकाला तिच्यामागे उभा करा. दहा यार्ड रेटायचं, चार वेळा, मध्ये दीड मिनिट विश्रांती. पाचव्या वेळेला शरीर उभं राहायला लागतं. फितीत कंबर वर आलेली दिसली की त्या दिवसाचं काम संपलं. थकून चुकीचं केलेलं शरीर लक्षात ठेवतं.

तीन ब्लॉक वेगवेगळे शिका. डाउन ब्लॉक आतल्या बाजूच्या गड्यावर: पहिलं पाऊल आत, निशाणा त्याच्या पुढच्या कुल्ल्यावर, डोकं त्याच्या पुढून. डोकं मागून गेलं तर तो सरळ बॅकफील्डमध्ये, म्हणजे तुमच्या लाइनच्या मागे, घुसतो. रीच ब्लॉक सगळ्यात अवघड: समोरचा तुमच्या बाहेरच्या खांद्यावर उभा असतो आणि तुम्हाला त्याच्या बाहेर पोहोचायचं असतं. पहिलं पाऊल बाहेर आणि किंचित मागेही चालेल, दुसरं त्याच्या दोन पायांच्या मध्ये. इथे गडबड करून लोक सरळ पुढे जातात आणि डिफेन्सिव्ह एंड कड पकडून मोकळा होतो. तिसरा कॉम्बो: टॅकलबरोबर खांद्याला खांदा, कुल्ल्याला कुल्ला लावून एकाला रेटायचं आणि मग तुमच्यापैकी एकाने लाइनबॅकरकडे सुटायचं. कोणी सुटायचं ते लाइनबॅकर ठरवतो, तो तुमच्या बाजूने आला तर तुम्ही. लवकर सुटलात तर पहिला गडी निसटतो, उशिरा सुटलात तर दुसरा मोकळा. हे टॅकलशिवाय शिकता येत नाही, म्हणून त्या सहा जणांत टॅकल हवाच.

एक कायद्याची बाब इथेच. स्नॅपच्या वेळी लाइनवर किमान सात गडी लागतात, आणि त्यांतले फक्त दोन टोकांचे पास झेलू शकतात. तुमच्या बाहेर वाइड रिसीव्हर लाइनवरच उभा राहिला तर तुम्ही 'झाकले' गेलात. आता पास झेललात तर दंड तुमच्या नावावर, चूक रिसीव्हरची असली तरी. प्रत्येक स्नॅपआधी बाहेर नजर टाका आणि त्याला एक यार्ड मागे सरकायला हाताने खुणवा. सात-आठ वर्षं खेळलेलेही यात फसतात.

झेल आणि रूट

छातीच्या वरच्या चेंडूला अंगठे एकमेकांना लागून, छातीखालच्याला करंगळ्या. चेंडू शरीरापासून दूर, बोटांत घ्या. छातीवर आपटू दिलात तर कवचावरून उडतो. झेलल्यावर टोक बोटांत, मग तळवा, मनगटापासून कोपरापर्यंतचा हात, दंड, बरगड्या, या क्रमाने चेंडू बंद करा. आणि तो बगलेत जाईपर्यंत बघत राहा. हातातून सुटलेल्या बहुतेक पासांमध्ये नजर चेंडूआधी पुढच्या माणसाकडे वळलेली असते. घरी भिंतीवर टेनिसचा चेंडू मारून एका हाताने झेलायचा, दोन्ही हातांनी शंभर-शंभर. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याच्या भिंतीला हे चालतं, शेजाऱ्यांना चालेलच असं नाही.

सुरुवातीला पाच रूट पुरेत. फ्लॅट: तीन यार्ड आणि बाहेरच्या रेषेकडे. ड्रॅग: लाइनबॅकरांच्या पुढून मैदान ओलांडत चार-पाच यार्डांवर. स्टिक: पाच-सहा यार्डांवर वळणं, समोर झोन असेल (बचाववाले माणूस न धरता जागा राखत असतील) तर मोकळ्या जागेत थांबणं, अंगावर माणूस असेल तर बाहेर निघणं. सीम: सरळ वर, दोन सेफ्टींच्या (सगळ्यात मागे उभे राहणारे बचाववाले) मध्ये किंवा एका सेफ्टीच्या बाजूने. कॉर्नर: दहा-बारा यार्डांवर आत झुकल्याचं भासवून कोपऱ्याकडे.

रूटमध्ये काय बिघडतं? वळणाआधी दोन पावलं बारीक होतात आणि बचाववाल्याला टेलिफोन जातो. वळण कोनात न जाता गोल फिरतं, त्यामुळे तो आत घुसतो. चेंडू कुठे आहे हे लवकर वळून पाहिलं जातं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिसऱ्या डाउनला (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला) पाच यार्ड हवे असताना चार यार्डांवर वळणं. झेल सुंदर, टाळ्या, आणि चेंडू विरोधी संघाकडे. कुठवर पोहोचायचं हे दाखवणाऱ्या कडेच्या काठीची रेघ स्नॅपआधी पाहायची सवय इथूनच लावा.

स्टिक आणि सीम नीट चालवायचे तर सेफ्टी मोजा. मधोमध एकच खोल उभा असेल तर सीम मोकळी असण्याची शक्यता जास्त. दोघे खोल असतील तर मधली जागा तुमची, थोडं आत वळा. पण स्नॅप झाल्यावर ते फिरतात. म्हणून पहिल्या तीन पावलांत पुन्हा एकदा मोजायचं, आणि हे सगळं कुणीतरी छातीवर हात ठेवून अडवत असताना. रिलीजला, म्हणजे लाइनवरून सुटताना, खांदा खाली घालून त्याच्या हाताखालून जा, सरळ उभं राहून पोहल्यासारखे हात मारणं मोठ्या शरीराला परवडत नाही.

सामने पाहताना चेंडू पाहू नका, फक्त टाइट एंड पाहा. अमेरिकेत हिवाळ्यात रविवारी दुपारी एकला सुरू होणारा सामना बडोद्यात रात्री साडेअकराला लागतो, उन्हाळी वेळेत साडेदहाला. एका सामन्यात वीस डाव लिहून काढा: कुठे उभा राहिला, पहिलं पाऊल कुठे, बचावात किती सेफ्टी खोल. ब्लॉक पाहण्यासाठी जॉर्ज किटल पाहा. २०१७ मध्ये पाचव्या फेरीत, १४६ व्या क्रमांकावर निवडलेला हा गडी पुढच्याच हंगामात १,३७७ यार्ड झेलून गेला, तरी ब्लॉकिंगचा आनंद सोडला नाही.

एक गोष्ट राहते ती डावाची भाषा. हडलमध्ये (डावाआधी संघ जमतो त्या घोळक्यात) क्वार्टरबॅक एका दमात रचना, हालचाल, संरक्षण, रूट आणि स्नॅपचा आकडा सांगतो. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलालाही पहिले काही महिने ते रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखं ऐकू येतं. वीस डाव कार्डांवर लिहा आणि धावून दम लागलेला असताना मित्राला वाचायला सांगा. बसून पाठ केलेलं मैदानावर आठवत नाही.

अंग कसं वाढवायचं

वजन आठवड्याला पाव ते अर्धा किलो, त्याहून वेगाने नाही. घाईत वाढवलेलं वजन पोटावर बसतं आणि चाळीस यार्डांची वेळ बिघडवतं. दर किलो वजनामागे रोज १.६ ते २.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे शंभर किलोच्या मुलाला किमान १६० ग्रॅम. शाकाहारी मराठी घरात हे अशक्य नाही, फक्त भाजी-पोळीच्या भरवशावर होत नाही. दीड लिटर दूध (सुमारे ४८ ग्रॅम), २०० ग्रॅम पनीर (३६), ५० ग्रॅम सोयाबीन वडी (२६), शंभर ग्रॅम कोरडी मूगडाळ (२४), आठ पोळ्या (सुमारे २४), वाटी-दीड वाटी दही. अंडं चालत असेल तर सहा अंडी पनीरची जागा घेतात. सेव-उसळ आठवड्यातून एकदा, सराव झाल्यावर. सुट्या पावडरी कुठल्याही दुकानातून उचलू नका. प्रमाणित नसलेल्या डब्यात बंदी घातलेलं द्रव्य निघालं तर 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर चालत नाही.

ध्येयाचे आकडे: ४० यार्ड म्हणजे ३६.५८ मीटर ४.७ सेकंदांच्या आत, १०२ किलोचा बेंच प्रेस वीस वेळा, उभी उडी ८५ सेंमीच्या वर. वर्नन डेव्हिसने २००६ मध्ये ४.३८ सेकंद काढले होते, तो अपवाद समजा. मित्राच्या हातातल्या स्टॉपवॉचची वेळ सुमारे दोन दशांश सेकंद कमी येते, म्हणून बडोद्यातला ४.६ तिकडे ४.८ निघतो. स्वतःला फसवू नका, तिकडचे मोजणारे फसणार नाहीत.

नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळणाऱ्यांनी त्या आठवड्यांत वळणांचा सराव निम्मा करावा. पोटऱ्या आधीच भरून आलेल्या असतात.

रस्ते कोणते

पहिला रस्ता अमेरिकन कॉलेजचा, आणि तो नववीपासून सुरू होतो. एनसीएए, म्हणजे तिथल्या कॉलेजांच्या खेळांची संघटना, नववी ते बारावीचे गुण पाहते. डिव्हिजन वन या सगळ्यात वरच्या गटासाठी १६ मुख्य विषय-वर्षं लागतात: इंग्रजीची ४, गणिताची ३, विज्ञानाची २, सामाजिक शास्त्रांची २, उरलेली यांतून किंवा भाषांतून. सरासरी ४ पैकी किमान २.३. गुणपत्रिका गुजराती किंवा मराठीत असेल तर मूळ प्रत आणि अधिकृत इंग्रजी भाषांतर दोन्ही लागतात. दहावीनंतर गणित सोडणाऱ्यांनी आधी मोजदाद करावी.

मोठा धोका वेगळाच आहे. 'वर्ष फुकट कशाला घालवायचं' म्हणून बारावीनंतर इथल्या विद्यापीठात पूर्णवेळ प्रवेश घेतला की डिव्हिजन वनसाठीचं तुमचं घड्याळ, म्हणजे खेळायला मिळणाऱ्या वर्षांची मोजणी, त्याच दिवशी सुरू होतं, मग तुम्ही तिथे चेंडूला हात लावला नसला तरी. कुठल्याही खेळात पगारी करार केलेला असेल तर तोही आधी सांगावा लागतो. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची शिष्यवृत्ती मुळीच नसते, फी पालकांची. विद्यार्थी व्हिसावर नावाच्या जाहिरातीतून पैसे कमावण्यावरही बंधनं असतात. अमेरिकन सोबती करतोय म्हणून तुम्ही करू नका, व्हिसा जाईल.

दुसरा रस्ता एनएफएल अकादमीचा. इंग्लंडमध्ये लफबरोला एक आहे, आणि २०२४ पासून ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला आशिया-पॅसिफिकच्या मुलांसाठी दुसरी. वय शाळकरी हवं. तिसरा इंटरनॅशनल प्लेअर पाथवे, २०१७ पासून. दुसऱ्या खेळातले तयार खेळाडू घेऊन फ्लोरिडात दहा आठवड्यांची तयारी करून घेतात आणि मग क्लबांसमोर उभं करतात. जॉर्डन मैलाटा रग्बी लीगमधून असाच आला, २०१८ मध्ये सातव्या फेरीत निवडला गेला आणि आता फिलाडेल्फियाचा टॅकल आहे. टॅकल, टाइट एंड नव्हे. इंग्लंडचे रग्बीपटू अ‍ॅलेक्स ग्रे आणि ख्रिश्चन स्कॉटलंड-विल्यमसन टाइट एंड म्हणून गेले आणि प्रॅक्टिस स्क्वॉडपर्यंत, म्हणजे क्लबच्या सरावापुरत्या यादीपर्यंत, पोहोचले. ही जागा उशिरा शिकता येते, पण दहा आठवड्यांत नाही. म्हणून जर्मनीतल्या जीएफएल या लीगच्या एखाद्या क्लबात किंवा ब्रिटिश विद्यापीठाच्या संघात दोन हंगाम काढून मग पाथवेकडे जाणं आम्हाला अधिक शहाणपणाचं वाटतं. तिथे फितीही जमतात, आणि फितीशिवाय कुणी बोलावत नाही.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये फ्लॅग फुटबॉल आहे, तोही पाहावा असं बरेच जण सुचवतात. झेल आणि रूट शिकायला छान. पण पाच-पाच जणांच्या त्या खेळात ब्लॉकच नाही, म्हणजे टाइट एंडचं निम्मं काम नाही.

करार आणि पैसा

शाळा संपून तीन वर्षं झाल्यावर ड्राफ्टला उभं राहता येतं. सात फेऱ्या असतात. निवड झाली तर चार वर्षांचा करार, पहिल्या फेरीतल्यांसाठी पाचव्या वर्षाचा पर्याय क्लबकडे. नाही झाली तर फोनची वाट पाहायची. सराव शिबिरात ९० जण, हंगामात ५३. साधारण तीन टाइट एंड ठेवतात, कधी चार. नवख्याचा किमान पगार २०२५ मध्ये ८,४०,००० डॉलर होता, म्हणजे सात कोटी रुपयांच्या आसपास. आकडा ऐकून घरात पेढे वाटू नका. तो हंगामाच्या आठवड्यांत विभागून मिळतो, आणि चौथ्या आठवड्यात काढलं तर चारच आठवड्यांचा. खेळाडू संघटनेच्या नियमानुसार एजंटची फी कराराच्या जास्तीत जास्त ३ टक्के, त्याहून अधिक मागणाऱ्याला नमस्कार करा.

टाइट एंडला पैसे रिसीव्हरपेक्षा कमी मिळतात. २०२५ मध्ये किटल आणि ट्रे मॅकब्राइड यांचे करार वर्षाला सुमारे १.९ कोटी डॉलरचे झाले, त्याच वर्षी रिसीव्हर जमार चेसचा ४ कोटींच्या वर. २०१४ मध्ये जिमी ग्रॅमने दाद मागितली की मी बहुतांश डावांत लाइनपासून लांब उभा राहतो, तेव्हा मला रिसीव्हर समजा. फ्रँचायझी टॅगमध्ये (जागेनुसार ठरलेल्या पगारावर क्लब खेळाडूला एक वर्ष राखतो तो करार) फरक मोठा होता: टाइट एंडला सुमारे ७० लाख डॉलर, रिसीव्हरला १ कोटी २३ लाख. लवादाने त्याला टाइट एंडच ठरवलं. करारावर सही करताना जागेचं नाव कोणतं लिहिलंय ते पाहा, एवढा धडा त्यात आहे.

पहिले तीन हंगाम

तिसरा टाइट एंड म्हणून जागा मिळाली की तुमची खरी नोकरी पंट आणि किकऑफच्या, म्हणजे चेंडू लाथेने विरोधी संघाकडे मारायच्या, तुकड्यांत. तिथे धावून अडवणं जमलं नाही तर पुढचं काही घडत नाही. बरोबर लाँग स्नॅपिंग शिकून ठेवा: पंटसाठी १५ यार्ड, फील्ड गोलसाठी ७-८ यार्ड, दोन पायांमधून सरळ. अडचणीच्या वेळी दोन कामं करणारा गडी क्लबला स्वस्त पडतो. ही गोष्ट बडोद्यात एका भिंतीवर खडूने चौकोन काढूनही शिकता येते.

दुखापती ठरलेल्या आहेत: खालून झालेल्या टकरीने गुडघा, लाइनवर बोटं, आणि डोकं. बोट निखळलं की शेजारच्याला पट्टीने बांधून बरेच जण खेळतात. डोक्याचं तसं करायचं नाही. डोकेदुखी, धूसर दिसणं, डाव न आठवणं यांपैकी एकही असेल तर स्वतःहून सांगा. पाच टप्प्यांची तपासणी पार केल्याशिवाय परत सोडत नाहीत. उत्तम टाइट एंडांपैकी एक, जॉन मॅकी, उतारवयात स्मृतिभ्रंशाने गेला. त्याच्या ८८ क्रमांकाच्या जर्सीवरून २००७ मध्ये अशा खेळाडूंच्या देखभालीची '८८ योजना' सुरू झाली. शिबिरात हेल्मेटवर मऊ गार्डियन कॅप घालायची सक्ती २०२२ मध्ये पहिल्यांदा ज्या जागांना झाली त्यात टाइट एंड होता. सामन्यातही ती २०२४ पासून घालता येते. दिसायला बेंगरूळ, घाला.

एनएफएलमधल्या कारकिर्दीची सरासरी तीन-साडेतीन वर्षांची सांगतात, आणि निवृत्तिवेतनाचा हक्क तीन 'जमा' हंगामांनी मिळतो. हंगाम जमा व्हायला किमान तीन सामन्यांसाठी पूर्ण पगारावर यादीत असावं लागतं. म्हणून कोणत्या आठवड्यात सक्रिय यादीत होतात, कधी जखमींच्या यादीत, कधी प्रॅक्टिस स्क्वॉडवर, हे पहिल्या दिवसापासून तारखेसह वहीत लिहा, आणि प्रत्येक कागदाची एक प्रत बडोद्याच्या घरी पाठवत जा.